एक रिकामी ओळ जास्त हाय

मुंजाभाऊंनी माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका वापस पाठवली, तीही तिसऱ्यांदा. लग्नाला यायचं नव्हतं अशातला भाग नाही. लग्नात तर ते मांडववाल्याच्याही आधी हजर होते आणि मांडवाचे खांब एका रेषेत आहेत की नाहीत ते एक डोळा मिटून बघत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पत्रिकेत दोन कामं आहेत.

होती दोन कामं. घर नवीन झालं होतं, पोरीचं लग्न ठरलं होतं, एकाच मांडवात दोन्ही उरकावं म्हणून वास्तुशांतीही त्याच पत्रिकेत घातली होती. आमच्या मानवतला सगळेच तसं करतात. माझा धंदाच पत्रिका छापायचा, त्यामुळे अशा जोडपत्रिका मी ढिगानं छापल्यात. पण मुंजाभाऊ प्रूफ हातात धरून माझ्या छापखान्याच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "एका पत्रिकेत एकच काम ठेवा, नारायणराव."

"का म्हणून?"

"उद्या लगीन मोडलं तर पत्रिका वापस घ्यावी लागंल का न्हाई? मंग तिच्यासंगं वास्तुशांती बी वापस गेली. घराचा काय गुन्हा हाय त्याच्यात?"

आता सांगा. पोरीच्या बापाच्या तोंडावर बोलायची ही रीत झाली? माझी बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि जी काही बोलली, ते आमच्या छपाईच्या मशीनच्या आवाजातही समोरच्या पानटपरीपर्यंत ऐकू गेलं. मुंजाभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, प्रूफ टेबलावर ठेवलं आणि जाता जाता म्हणाले, "आन् खाली एक रिकामी ओळ जास्त सोडलाव. ती बी काढा."

शेवटी मी दोन वेगळ्या पत्रिका छापल्या. का छापल्या ते बायकोला मी आजवर सांगू शकलेलो नाही. लग्न मोडलं नाही, घरही उभं आहे, आणि मुंजाभाऊ दोन्हीकडे जेवले.

हा माणूस माझा शेजारी. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्याला माझा छापखाना आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. काटे म्हणजे आकडे दाखवणारे, विजेवर चालणारे. किराणावाल्याच्या छोट्या काट्यापासून कापसाच्या गाठी तोलायच्या मोठ्या काट्यापर्यंत सगळे पेशंट त्यांच्याकडे येतात. अंगात नेहमी खाकी शर्ट, खिशाला टेस्टर, नाकावर घसरलेला चष्मा. दुकानात स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे उभे, खुर्च्या भिंतीपासून सारख्या अंतरावर. मी बसताना मुद्दाम खुर्ची तिरकी करतो. मी उठलो की ते ती सरळ करतात. वीस वर्षं झाली, दोघांपैकी कुणीच हार मानलेली नाही.

काटे हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण संध्याकाळी पाच वाजले की ते पुढचं शटर अर्धं ओढतात, एक जुना लॅपटॉप उघडतात आणि जगाच्या चुका काढायला बसतात. हे काम नेमकं काय आहे ते कळायला मला पाच-सहा वर्षं गेली. तुम्हाला पाच मिनिटांत सांगतो.

मागे मोंढ्यात काटे संगणकाला जोडायची टूम निघाली. संगणक आले, काटे होतेच, पण काटा बोलायचा त्याच्या भाषेत आणि संगणकाला ती कळेना. मधे एक दुभाषी लागतो. तो काही डब्यातून येत नाही, कुणीतरी बसून लिहावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्या संगणकात टाकलेली सिस्टीम होती जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली. कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्ती पाठवावी. तिच्यात दुनियेभरच्या यंत्रांचे दुभाषी होते, फक्त आमच्या काट्यांच्या पोटात जी चिप होती तिचा नव्हता. मुंजाभाऊंचं शिक्षण आयटीआय. त्यांनी परभणीहून एक उशीएवढं जाड पुस्तक आणलं, वर्षभर त्याच्यात डोकं घातलं आणि तो दुभाषी स्वतः लिहिला. मग तो सिस्टीममध्ये घ्यावा म्हणून पाठवून दिला.

"अकरा बार वापस आला," ते अभिमानानं सांगतात. "बाराव्या बारी घेतला. तवापासून त्याचा जिम्मा माझ्याकडं हाय."

जिम्मा म्हणजे असा, की जगात कुणालाही त्या ड्रायव्हरमधलं एक अक्षर जरी बदलायचं असेल तर ती दुरुस्ती आधी मानवतला, मुंजाभाऊंच्या दुकानात येते. ते वाचतात. पसंत पडली तर पुढं पाठवतात, नाही पडली तर वापस. मोठी दुरुस्ती क्वचित येते. पाठवणारे बहुतेक नवशिके असतात. इथं जागा जास्त सुटलीय, तिथं कंस खालच्या ओळीत गेलाय, असलं काहीतरी. आणि मुंजाभाऊ त्या एवढ्याशा दुरुस्तीवर दीड पान उत्तर लिहितात.

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, ड्रायव्हर चालतोय ना?"

"चालतो की."

"मग जागा एक सुटली काय न् दोन सुटल्या काय, काट्याला काय फरक पडतो?"

"काट्याला न्हाई पडत. वाचणाराला पडतो." मग थोडा वेळ स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसले आणि म्हणाले, "ह्या गावात माझं लिवलेलं वाचणारं कुणीच न्हाई, नारायणराव. तुमाला वाचता येत न्हाई, घरी कौसाला येत न्हाई. पण कुटं तरी हायत ना वाचणारे. त्यायला त्रास कामून द्यायचा?"

कामून म्हणजे का. हा त्यांचा आवडता शब्द. दुरुस्तीसोबत ती पाठवणारानं दोन ओळींचं टिपण लिहायचं असतं. लोक लिहितात, जागा कमी केली. मुंजाभाऊ भडकतात. "काय केलं ते मला दिसायलंय, कामून केलं ते सांगा!" हे वाक्य ते दुरुस्तीवाल्यांना सांगतात, दूधवाल्याला सांगतात, आणि एकदा पोळ्याच्या मिरवणुकीत बैल उलटा वळवणाऱ्या माणसालाही त्यांनी हेच विचारलं. त्या माणसानं दिलेलं उत्तर इथं छापण्यासारखं नाही.

घरी त्यांच्या बायकोची, कौसावहिनींची, याहून निराळी तऱ्हा. एकदा त्यांनी चहाची पावडर बदलली आणि त्याच दिवशी आल्याऐवजी वेलदोडा टाकला. चहा बिघडला. मुंजाभाऊ कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. "दोन्ही एकदम बदललीस. आता बिघाड पावडरीचा हाय का वेलदोड्याचा, कसं कळावं? एका येळी एकच बदल करत जा."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "आज पावडर बदलते. नवरा उद्या."

कौतुक करायची त्यांना सवय नाही. काम अगदी निर्दोष असलं, तर चष्मा वर सारून फक्त म्हणतात, "हरकत न्हाई." त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मला वीस वर्षांत मोजून चार वेळा मिळाले. खोटं कशाला बोलू, चारही वेळा मी घरी जाऊन सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एलेनाबाईंची पहिली दुरुस्ती आली. बाई अर्जेंटिनाच्या. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असते. बाई नवशिक्या होत्या. एकाच दुरुस्तीत सात गोष्टी बदललेल्या, शेवटी रिकामी ओळ जास्तीची, आणि टिपणात लिहिलेलं, तपासणीचं हत्यार, म्हणजे चुका दाखवणारा प्रोग्रॅम, बदल करा म्हणालं म्हणून केला. मुंजाभाऊ खुर्चीतून उठलेच. "हत्यार म्हणलं म्हून? मंग ह्या बाईची काय गरज हाय? हत्यारालाच बोलतो की मी!"

वापस पाठवलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी सुधारून पाठवलं. पुन्हा वापस. असं आठ वेळा झालं. मी म्हणालो, अहो, बिचारी पळून जाईल. ते म्हणाले, मी बी अकरा बार पळालो न्हाई. नवव्या वेळी दुरुस्ती स्वच्छ आली, एक काम, एक कारण, खाली फालतू ओळ नाही. मुंजाभाऊंनी चष्मा वर सारला आणि लिहिलं, हरकत नाही.

त्यानंतर बाई थांबल्याच नाहीत. दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी पाठवायच्या. पुढं पुढं त्या इतरांच्या दुरुस्त्याही तपासायला लागल्या आणि मुंजाभाऊंच्याच थाटात लोकांना विचारायला लागल्या, का केलं ते सांगा. होता होता त्या सगळ्या विभागाच्या मुकादम झाल्या. मुंजाभाऊंच्या ड्रायव्हरसारखे शेकडो ड्रायव्हर आता त्यांच्या हाताखाली. "सहा वर्सांत तिनं पुन्हा एकदा बी रिकामी ओळ जास्त सोडली न्हाई," मुंजाभाऊ मला सांगायचे. पोरगी पहिली आली असं सांगताना माणसाचा आवाज होतो तसा त्यांचा आवाज व्हायचा.

आणि त्याच एलेनाबाईंची गेल्या दिवाळीनंतर एक दुरुस्ती आली. तिच्यात मुंजाभाऊंचा पूर्ण ड्रायव्हर काढून टाकला होता.

टिपण चोख होतं. ही चिप बनणं कधीच बंद झालं आहे. कुणी वापरत असल्याचं ऐकिवात नाही. न वापरलेली गोष्ट सांभाळण्यात सगळ्यांचा वेळ जातो. कुणी वापरत असेल तर पंधरा दिवसांत कळवावं, म्हणजे काढणार नाही.

मला राग आला. मी म्हणालो, "हे काय? शिकवलं तुम्ही आणि तुमच्याच मुळावर उठली बाई?"

"बराबर लिवलंय तिनं," मुंजाभाऊ म्हणाले. "कामून काढायचा ते सगळं लिवलंय." पण बोलताना त्यांनी एकदाही चष्मा वर सारला नाही.

मला तेव्हा लख्ख कळलं, की प्रश्न ड्रायव्हरचा नाहीच. ड्रायव्हर गेला की संध्याकाळी पाच वाजता मानवतला कुणाचं काही येणार नाही. अर्धं शटर ओढून हा माणूस काय करणार? माझ्या तिरक्या खुर्च्या सरळ करण्यात किती वेळ जातो?

"वापरणारा एक जरी सापडला तरी थांबतं ना हे?" मी विचारलं.

"थांबतं."

"मग काढा तुमची वही."

ती चिप असलेला प्रत्येक काटा कुठं गेला, याची त्यांच्याकडे वही आहे. वहीत पत्ता, आणि पत्त्यापुढं काट्याचा स्वभाव. 'गंगाखेड, गूळवाले. दमट हवेत पाच ग्रॅम जास्त बोलतो. मनाचा साफ.' असलं. मानवतचे काटे आम्ही चालत जाऊन बघितले. सगळे भंगारात गेलेले, त्यांच्या जागी नवे चकचकीत आलेले. मग त्यांच्या मोटारसायकलवर गंगाखेडला गेलो. गूळवाल्यांनी फार आगतस्वागत केलं, ऊस खाऊ घातला आणि काटा दाखवला. कोपऱ्यात होता. त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला. "उंची बराबर हाय बघा, वाकायला लागत न्हाई," मालक म्हणाले. मुंजाभाऊंनी खिशातून पेन काढलं आणि वहीत त्या नावापुढं फक्त 'माठ' असं लिहिलं.

वहीत शेवटचं नाव राहिलं ताडकळसच्या शेवंताबाईंचं. बाई मिरचीच्या व्यापारी. आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो. बाई ढिगाऱ्यांच्या मधे बसलेल्या, आणि शेजारी काटा. लाल आकडे चमकत होते. जिवंत होता! मला इतका आनंद झाला की मी जोरात श्वास घेतला, आणि मिरचीच्या बाजारात तसं कधी करू नये.

मला ठसका लागलेला असताना शेवंताबाई सांगत होत्या, "भाऊ, तुमी दुरुस्त केल्ता तवापासून एकदा बी बिघडला न्हाई बघा. लय गुणाचा हाय."

मुंजाभाऊंनी पिशवीतून लॅपटॉप काढला, काट्याच्या मागच्या बाजूला वायर खुपसली. "काट्यावर उभे ऱ्हावा, नारायणराव."

"मी?"

"मिरचीचं वजन सांडतं. तुमचं सांडत न्हाई."

मी भर बाजारात काट्यावर चढलो. ठसक्यानं आकडा एका जागी ठरेना. "हालू नका," मुंजाभाऊ ओरडत होते, बाजारातली माणसं जमा होत होती, आणि शेवंताबाई सगळ्यांना सांगत होत्या की परभणीहून साहेब तपासायला आलेत. अखेर मी श्वास रोखला. काट्यावर आलं एक्क्याऐंशी किलो चारशे. लॅपटॉपवरही आलं एक्क्याऐंशी किलो चारशे. बायकोला मी पंचाहत्तर सांगितलं होतं, ते असो.

मुंजाभाऊ दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले. "बराबर बोलायलाय अजून," ते म्हणाले.

"झालं तर मग!" मी खाली उतरलो. "वापरणारा सापडला. लिहा बाईला."

शेवंताबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या लगेच तयार. "लिवा की माझं नाव. मी वापरते म्हून सांगा."

"तुमी काटा वापरायलाव," मुंजाभाऊ म्हणाले. "माझा ड्रायव्हर न्हाई. तुमच्याकडं संगणक कुटं हाय?"

"नसंना का. कोण बघायला यायलंय ताडकळसला?"

"तेच तर हाय. कुणी बघायला येत न्हाई, म्हून तर खरं लिवावं लागतं."

मी भांडलो. सगळ्या रस्त्यानं मागं बसून भांडलो. एक लॅपटॉप शेवंताबाईंकडे ठेवून देऊ म्हणालो. तुम्ही स्वतःच वापरणारे म्हणून लिहा म्हणालो. मूर्ख आहात, हेही म्हणालो. वाऱ्यात ऐकू येत नसल्यासारखं करून ते गाडी चालवत राहिले. दुकानात आल्यावर त्यांनी उभ्या उभ्या उत्तर लिहिलं आणि मला मराठीत सांगितलं. 'एक यंत्र चालू आहे. आज तपासलं, वजन बरोबर येतं. ड्रायव्हर वापरणारं कुणी नाही. काढायला हरकत नाही.'

तो आठवडा वाईट गेला. त्यांनी माझं एकही प्रूफ वापस केलं नाही. कौसावहिनी एका दुपारी छापखान्यात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, आज वरणात मीठ दोनदा पडलं. ह्यांनी गुपचूप खाल्लं. मला भ्या वाटायलंय."

मी मग एक युक्ती केली. बारसं, वाढदिवस आणि दुकानाचं उद्घाटन अशी तिन्ही कामं एका पत्रिकेत घालून प्रूफ काढलं, खाली चार ओळी रिकाम्या सोडल्या आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. त्यांनी वरून खालपर्यंत बघितलं.

"हरकत न्हाई," ते म्हणाले.

हे दोन शब्द असे फुकट मिळाल्यावर मी घरी जाऊन कुणाला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी हातातलं काम टाकून पळालो. मुंजाभाऊ उभे होते, चष्मा कपाळावर, हात लॅपटॉपकडे रोखलेला. "बघा! बघा ह्या बाईनं काय केलंय!"

एलेनाबाईंनी दुरुस्ती नव्यानं पाठवली होती. ड्रायव्हर काढला होता, आणि त्यासोबतच आणखी एक गोष्ट केली होती. त्या सिस्टीममध्ये एक यादी असते, जिम्मा सांभाळून बाजूला झालेल्या माणसांची. तिच्यात मुंजाभाऊंचं नाव घातलं होतं. नाव, खाली ड्रायव्हरचं नाव, त्याच्याखाली मानवत, जिल्हा परभणी.

"अहो, मग चांगलंच आहे की!" मी म्हणालो. "जगाच्या यादीत नाव आलं तुमचं. पेढे वाटा."

"पेढे काय वाटा? एका दुरुस्तीत दोन कामं हायत! मुकादम झाली तरी आक्कल न्हाई. उद्या कुणाला वाटलं ड्रायव्हर वापस आणावा, तर ही दुरुस्ती उलटी फिरवतील. मंग माझं नाव बी त्याच्यासंगं पुसलं जाईल का न्हाई?"

मला एकदम पोरीची पत्रिका आठवली. घराचा काय गुन्हा हाय त्याच्यात.

त्यांनी दीड पान लिहून वापस पाठवलं. तेवढं लिहिताना चेहऱ्यावर जरा रंग आला. कौसावहिनींनी चहा आणला तर म्हणाले, साखर बदललीस का. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि पदरानं तोंड झाकून हसल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मुंजाभाऊ स्वतः छापखान्यात आले. "चला. काम हाय."

लॅपटॉप माझ्याकडे वळवून त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. बाईंनी दोन दुरुस्त्या वेगळ्या केल्या होत्या. दुसरीत ड्रायव्हर काढलेला. पहिलीत फक्त यादीत नाव घातलेलं. "दुसरी मी तपासली. हरकत न्हाई," ते म्हणाले. "पहिली तुमी तपासा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"माझ्याच नावाचं मीच कसं तपासू? तसा कायदा न्हाई. तुमाला इंग्रजी वाचता येतं, प्रूफं तपासता. वाचा. पण सगळं वाचा, न वाचता हो म्हणू नका." आणि ते पाठ फिरवून एका बिघडलेल्या काट्याचे स्क्रू काढायला लागले.

मी वाचायला लागलो. वर टिपण होतं. बाईंनी लिहिलं होतं:

'का: कारण या माणसानं माझी पहिली दुरुस्ती आठ वेळा परत पाठवली. त्या दिवसांत माझी नोकरी गेली होती, मी घरातून बाहेर पडत नव्हते आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. रोज सकाळी त्यांचं उत्तर आलेलं असायचं. माझं लिहिलेलं कुणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं, हे मला तेव्हा कळलं. मी आज जे काम करते ते त्यामुळे. ड्रायव्हर राहिला नाही तरी हे नाव राहावं.'

मी पुन्हा वाचलं. मग मराठी करून मोठ्यानं वाचलं. कौसावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मुंजाभाऊंची पाठ आमच्याकडेच होती. ते एकच स्क्रू बराच वेळ फिरवत होते, आणि तो निघून केव्हाच खाली पडला होता.

"आत्ता खालचं वाचा," ते म्हणाले. "नाव-गाव बघा. काय चुकलंय का?"

मी यादी बघितली. आधीच्या माणसाचं नाव, गाव, मग एक रिकामी ओळ. मग पुढचा माणूस, मग एक रिकामी ओळ. सगळीकडे एकच. फक्त मुंजाभाऊंच्या नावाखाली दोन होत्या.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. एवढं सोन्यासारखं लिहिलंय बाईनं, त्यात हे काय काढायचं. पण वीस वर्षं या माणसाच्या भिंतीला भिंत लावून काढलीत.

"खाली एक रिकामी ओळ जास्त आहे," मी म्हणालो.

मुंजाभाऊ वळले. डोळे लाल होते आणि ते हसत होते. "दिसली ना? मला बी दिसली. रिकाम्या ओळीत सहा वर्सांत एकदा बी चुकली न्हाई ती बाई."

"मग मुद्दाम सोडली असेल."

"मंग काय तर. जाणून सोडलीय."

"मग जाऊ द्या की आता! मुद्दामच सोडलीय, तर द्या हरकत नाही म्हणून आणि मोकळे व्हा."

"जाऊ द्या कसं?" त्यांनी मला खुर्चीतून उठवलं, खुर्ची सरळ केली, चष्मा वर सारला आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून लिहायला बसले. "बाई वाट बघत असंल की."